सायगाव किती लांब?

मुक्ता,

तुझी मावशी आज सकाळच्या गाडीने गेली. पाहुण्यांतली ती शेवटची. आता घरात मी, तुझे बाबा आणि ओट्यावर परक्या भांड्यांचा ढीग. जठारपेठेतल्या किती घरांतून डबे आले, कोणतं पातेलं कोणाचं, मला काही सांगता येत नाही. ज्याचं तो ओळखून घेऊन जाईल.

येणारे सगळे मला रडून घ्या म्हणत होते. मनात साठवू नका, बाहेर काढा. मी मान डोलवत होते. त्यांना कसं सांगू, की मला भांडायचं आहे. तुझ्याशी. आपलं भांडण अर्धं टाकून तू गेलीस आणि आता मला उलटून बोलणारं या घरात कोणी उरलं नाही.

भांडण तरी काय, सायगाव किती लांब आहे, एवढंच.

आठवतं? तू तेव्हा नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात होतीस, रंगाच्या प्रयोगशाळेत. अमरावतीत खोली घेऊन राहायचीस आणि शनिवारी संध्याकाळच्या एसटीने अकोल्याला यायचीस. त्या शनिवारी आलीस ती चपला काढायच्या आधीच बोललीस. बाबा कोर्टाचे कागद पुढ्यात घेऊन बसले होते.

“बाबा, मले सायगावले नोकरी लागली.”

बाबांशी बोलताना तू नेहमी वऱ्हाडीवर यायचीस. माझ्याशी मात्र शाळेतल्या बाईंशी बोलावं तसं.

“सायगाव?” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “हे कोठी आलं? बाळापूरच्या पुढं काय?”

तू इतकी हसलीस, इतकी हसलीस, की उंबऱ्यावरच बसलीस. पाठीवरची पिशवी तशीच. हसता हसता म्हणालीस, “व्हिएतनाममदे आहे ते, बाबा. मोठ्ठं शहर आहे.”

बाबांनी कागद मिटले. “कापड तं इथंबी होते. नांदगाव पेठेत काय कमी पडून राह्यलं तुले?”

“कमी काई नाई. तिथं शिकाले भेटंन.”

“किती लांब आहे?”

“मुंबईहून इमानानं पाच तास. लय झाले तं साडेपाच.”

“आन् इथून मुंबई?”

“तुमाले मालूम आहे नं. रातभर लागते.”

“म्हंजे सायगावापेक्षा मुंबईच लांब म्हन.”

ते चिडून म्हणाले होते. पण तू तेच वाक्य उचललंस आणि पुढची दोन-अडीच वर्षं आमच्या दोघांच्या डोक्यावर आपटत राहिलीस. मुंबईपेक्षा जवळ आहे मी. पुण्याच्या पोरी घरी पोचायच्या आधी मी पोचीन. निघाले की पाच तासांत मुंबईत.

मला ते पटत नव्हतं. मी जन्मभर मुलींना भूगोल शिकवला. मी शाळेचा जुना ॲटलास काढला, सूत घेतलं आणि मुंबईपासून सायगावपर्यंत ठेवून तुला दाखवलं. पावणेचार हजार किलोमीटर भरत होते. मध्ये अख्खा बंगालचा उपसागर. “मुक्ता, हे बघ अंतर. तास काय, उद्या वेगळं विमान निघेल आणि तास बदलतील. पाणी इथून तिथे एवढंच राहणार.”

“आई, तू सूत ठेवतेस, मी बसून जाते,” असं म्हणून तू सूत गुंडाळून माझ्या हातात दिलंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा फिरायला गेले होते. मी भाकरी थापत होते. तू पाठीमागे उभी राहिलीस आणि अगदी लहान आवाजात विचारलंस, “आई, जाऊ का गं?”

मी म्हटलं, “जा.”

तेवढंच. अंतराबद्दल मी इतकं भांडले आणि वर ‘जा’ही मीच म्हटलं. का म्हटलं असेल, ते तू कधी विचारलं नाहीस. तू विचारशील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. फळ्यावर मी सगळे खंड काढले, गं. मान्सून कुठून उठतो, मेकाँग नदी कुठे समुद्राला मिळते, सगळं खडूने काढलं आणि डस्टरने पुसलं. स्वतः मात्र शेगाव, नागपूर आणि एकदा हैदराबाद. मला वाटलं, आपल्या घरातल्या एकीने तरी ती नदी बघावी. हे उत्तर तुला द्यायचं राहिलं.

तुला वाटत असेल, आई नेहमी दुःखच आठवत असेल. तसं नाही. तू गेल्यापासून मला सारखी अमरावती आठवते आहे. दहावीचे पेपर तपासायच्या कामाला मी तिकडे यायची आणि काम आटोपलं की राजकमल चौकात तुझी वाट बघत उभी राहायची. तू कारखान्याच्या बसमधून उतरायचीस. कधी नखं निळी, कधी हिरवी. आपण गिला वडा खायचो. तुला त्यावर तिखट जास्त लागायचं आणि मला दही. खाता खाता तू माझा पदर हातात घेऊन उन्हाकडे धरायचीस. “आई, ही साडी दुकानात दिव्याखाली घेतलीस ना? बघ, उन्हात कशी तपकिरी मारते. काळा रंग सगळ्यात हट्टी असतो. त्याला नीट काळं करायला फार मेहनत लागते.”

रस्त्यावर चार लोकांत माझा पदर धरून तू बोलत उभी, आणि मला वाटायचं, ही माझ्या पोटची. मग आपण ऑटोने स्टँडवर जायचो, मला एसटीत बसवून तू खिडकीखाली उभी राहायचीस, बस हलेपर्यंत. त्या दुपारींनी मला जे दिलं त्याबद्दल कोणाचे आभार मानायचे, मुक्ता? देवाचे मानावेत असं आज मनात येत नाही. तुझेच मानते.

सायगावला गेल्यावर तू रोज फोन करायचीस. तिथलं घड्याळ आपल्या पुढे दीड तास. “मी आता तुझ्यापेक्षा दीड तास मोठी,” म्हणायचीस. स्कूटर शिकलीस. भातात घालायचं कसलं कसलं पान दाखवायचीस. तुझ्याच प्रयोगशाळेतली लान नावाची मुलगी तुझ्यासोबत खोलीत राहायला आली; तिला तू वरणफळं शिकवलीस आणि ती तुला “मुक्-ता” असं दोन तुकड्यांत हाक मारायची. तुझ्याच हट्टाने मी पासपोर्ट काढला. पोलीस चौकशीला आले तेव्हा बाबा त्यांना म्हणाले, “कोठी जात नाई हे. पोरीची हौस आहे.” मी आतून ऐकलं आणि मनात म्हटलं, जाईन की.

उन्हाळ्यात यायचं ठरलं होतं. मग बाबांच्या छातीत दुखलं, नागपूरला नेऊन दोन स्टेंट घातले, आणि माझं येणं पुढे गेलं. तू एका शब्दाने बोलली नाहीस. फक्त एकदा म्हणालीस, “बाबा बरे झाले की मात्र ये. मला तुला एक सांगायचं आहे.”

“मग सांग ना.”

“फोनवर नाही. समोर बसून.”

“चांगलं की वाईट?”

तू हसलीस. “ते तू ठरव.”

त्यावरून मी तुझ्याशी किती वाद घातला. असं अर्धवट सांगून माणसाला टांगून ठेवू नये, म्हटलं. तू म्हणालीस, पाच तासांचा तर प्रवास आहे, आलीस की सांगते.

मग ताप आला. तू म्हणालीस, इथे सगळ्यांनाच येतो या दिवसांत. दुसऱ्या दिवशी आवाज बारीक झाला होता, तरी बाबांना तू म्हणालीस, “काई नाई बाबा, गोळी घेतली.” तिसऱ्या दिवशी तुझ्या फोनवरून लान बोलली. तिचं इंग्रजी मला कळेना, माझं तिला कळेना. दोनच शब्द कळले. हॉस्पिटल. डेंग्यू.

तिथून पुढे तुझे पाच तास कुठे गेले, मुक्ता? सांग मला. आता बोल. पासपोर्ट होता, पण व्हिसा नव्हता. अर्ज केला तर मध्ये सुट्टी आली. तुझा मामेभाऊ अमोल मुंबईत रात्रंदिवस फोन लावत बसला. मी इथे भरलेली बॅग दाराशी ठेवून खुर्चीवर बसून होते. लान रोज अमोलला सांगायची, कालच्यासारखीच आहे. मग म्हणाली, यंत्र लावलं. पाच तासांच्या वाटेवर नुसतं पाऊल टाकायला मला चार दिवस लागले. अंतर तासांत मोजायचं नसतं हे मी म्हणत होते ना? वाद मी जिंकले. असा जिंकायचा नव्हता गं मला.

अकोला स्टेशनवर बाबा सोडायला आले. त्यांना प्रवासाची मनाई होती. गाडी लागली तेव्हा त्यांनी माझा दंड घट्ट धरला. “तिले म्हनाव, बापानं बोलावलं. लय झालं कापड.” एवढं म्हणून ते वळले. गाडी सुटेपर्यंत थांबले नाहीत.

अमोलला सोबत व्हिसा मिळाला होता. विमानात त्याने मला खिडकीपाशी बसवलं. आणि मुक्ता, मी तुला खरं तेच सांगणार आहे. विमान वर गेलं, खाली ढग पसरले, त्यांच्यावर ऊन पडलं होतं, आणि मला ते आवडलं. थोडा वेळ मी सगळं विसरून बघत राहिले. मनात तुला सांगत होते, बघ, आले की नाही. मला वाटत होतं, मी पोचले की तू डोळे उघडशील, मी तुला ओरडेन, तू ‘आई, इथे नको ना’ म्हणशील. पुढे उपसागर दिसला. जन्मभर ज्याला मी फळ्यावर निळ्या खडूने भरलं तो. मला वाटलं, एवढंच आहे की हे. पोर म्हणत होती तेच खरं. जवळच आहे.

विमान टेकलं. लोकांनी फोन सुरू केले. अमोलनेही केला, वाचला आणि खिशात ठेवला. मग उगाच वरची बॅग काढायला उठला. अजून दारही उघडलं नव्हतं.

“अमोल, काय आलं फोनवर?”

“आत्या, आधी बाहेर पडू.”

“मी इथे सहलीला आलेली नाही. सांग.”

तो परत बसला. त्याने माझा हात हातात घेतला, तेव्हाच कळलं. तरी मी ऐकायची वाट बघत राहिले.

“गेली, आत्या.”

“केव्हा?”

“आपण वर होतो तेव्हा.”

म्हणजे मी ढग बघत होते तेव्हा. किंवा जेवणाचा डबा परत दिला तेव्हा. किंवा पाणी बघून ‘जवळच आहे’ म्हटलं तेव्हा. नक्की कोणत्या क्षणी, ते मी अमोलला विचारलं नाही, लानलाही नाही. विचारणारही नाही. मला त्या सगळ्या वाटेचीच भीती वाटते.

तुला मी तिथे पाहिलं, त्याबद्दल लिहीत नाही. तुझं तुला ठाऊक.

कागदपत्रं होईपर्यंत मी तुझ्या खोलीत राहिले. तुझ्या गादीवर. लानने तिची गादी माझ्या गादीला लावून घातली. ही एवढीशी मुलगी, तिचे डोळे सुजून बंद झाले होते, आणि ती मला भरवत होती. सकाळी तिने वरणफळं केली. मीठ जास्त झालं होतं, फळं कच्ची होती. मी सगळी खाल्ली. तुझ्या हातचं शेवटचं काही मला मिळालं असेल तर ते हेच, दुसरीच्या हातून.

तिच्या फोनमध्ये भाषा बदलून देणारी सोय होती. ती तिच्या भाषेत बोलायची, फोन मराठीत बोलायचा, आकाशवाणीवर बातम्या द्याव्या तसा. “मुक्ता म्हणत होती की आई येणार आहे.” “मुक्ता हिने आईसाठी चादर विकत घेतली.” मी तो फोन हातात घेतला आणि माझ्या भाषेत विचारलं, “तिला मला काहीतरी सांगायचं होतं. काय ते तुला माहीत आहे का?”

फोनने तिला सांगितलं. लानने फोन जवळ ओढला. मग बोलली. फोन म्हणाला, “मला माहीत नाही. तिने सांगितले, आधी आईला.”

आधी आईला.

एखादा मुलगा होता का? दुसरी नोकरी? की परत यायचं ठरवलं होतंस? आजारपण लपवत होतीस का काही? मी तुझ्या कारखान्यातल्या लोकांनाही विचारलं. सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. साहेबांनी सांगितलं, काळ्या रंगावर तुझा हात बसला होता. पण ती गोष्ट कोणालाच माहीत नव्हती. तू शहाणी मुलगी, आईचा मान राखलास. आणि म्हणून आता ती जगात कोणालाच माहीत नाही. मी रोज एक नवीन गोष्ट रचते आणि रोज मोडते. तू ‘ते तू ठरव’ म्हणाली होतीस. काय ठरवू, बाई?

परत येताना आपण दोघी एकाच विमानात होतो.

सगळं विमान फिरायला गेलेल्या लोकांचं होतं. फोटो बघत होते, डबे उघडत होते, मागच्या रांगेत कोणीतरी गाणं म्हणत होतं. माझ्या शेजारी नाशिककडच्या एक बाई होत्या. अमोलची जागा पुढच्या रांगेत आली होती. बाई बोलक्या होत्या, स्वभावाने चांगल्या.

“तुम्हीही फिरायला?”

“नाही. मुलीकडे गेले होते.”

“अरे वा! मुलगी असते का तिकडे? काय करते?”

“कापडाला रंग देते.”

“मग आता परत कधी जाणार तिच्याकडे?”

“ती येतेय सोबत.”

“हो? कुठे बसली आहे?”

मला दुसरं काही सुचलं नाही. “मागे,” म्हटलं.

त्या बाई हसून मागे वळल्या आणि रांगांमधून तुला शोधू लागल्या. एक तरुण मुलगी खिडकीला डोकं टेकून झोपली होती. तिच्याकडे बघून त्या म्हणाल्या, “गोड आहे हो. थकली बिचारी.”

मी हो म्हटलं.

मुंबईला लोक बाहेर पडले तेव्हा मला उठवेना. अमोल म्हणाला, आत्या, आता मालाच्या गोदामाकडे जायचं आहे. त्याने ‘माल’ म्हटलं आणि त्यालाच हुंदका आला. तिथे पंख्यांची खोकी होती, औषधांची खोकी होती, आणि त्यांच्या ओळीत तू. सही घेताना तिथल्या माणसाने उभं राहून पेन पुढे केलं. तो एकटाच उभा राहिला. त्याचं भलं होवो.

तिथून रुग्णवाहिकेने अकोला. तुझं म्हणणं खरं होतं, सायगावहून मुंबईला यायला लागतो त्याच्या दुपटीने वेळ लागला. कसारा गेला, नाशिक गेलं, मग नुसता रस्ता. अमोल पुढे ड्रायव्हरजवळ. मी मागे तुझ्यापाशी. त्या प्रवासात मी तुला सगळं सांगून टाकलं. ‘जा’ का म्हटलं तेही सांगितलं. तू ऐकलंस की नाही, मला कळायला मार्ग नाही.

घरी पोचलो तेव्हा सकाळ झाली होती आणि अख्खी गल्ली बाहेर उभी होती. बाबा पायरीवर. पेटी आत घेतली, उघडली. बाबा वाकले. तुझ्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, पाहवलं नसेल. त्यांनी तुझा हात उचलला आणि बोटं बघितली. नखांच्या कडेला काळपट निळा राहिला होता.

“रंगबी धुतला नाई पोरीनं,” ते म्हणाले.

मोर्णा नदीच्या काठी त्यांनीच अग्नी दिला. लोक म्हणत होते, तब्येत सांभाळा, पुतण्याला देऊ द्या. त्यांनी ऐकलं नाही. आणि घरी आल्यावर जे गप्प झाले ते गप्पच. तेराव्यापर्यंत माणसांचा राबता होता, कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. ते माझ्याशी बोलत नव्हते. चहा ठेवला की घ्यायचे. औषध दिलं की गिळायचे. नजर मात्र उचलायचे नाहीत.

मला ठाऊक होतं त्यांच्या मनात काय आहे. त्या सकाळी ते फिरायला गेले असताना मी तुला ‘जा’ म्हटलं, हे त्यांना नंतर कळलं होतं. तू सायगावला गेलीस त्या आठवड्यात ते एकदाच म्हणाले होते, “बापाले इचारलं, पन हुकूम मायचा चालला.” तेव्हा ते हसून म्हणाले होते. आता हसून म्हणणार नव्हते. मी वाट बघत होते. ताट वाढताना, अंथरूण घालताना, त्यांच्या खोलीत दिवा लावताना मला वाटायचं, आता म्हणतील. तूच धाडलं तिले. म्हणू देत, एकदाचं म्हणू देत. मी ‘हो’ म्हणायला तयार होते. माझ्याकडे तेवढंच उत्तर होतं.

आज मावशी गेल्यावर दुपारी मी भांडी पुसत होते. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. चौकट धरून. मी हात थांबवला.

“अवो,” ते म्हणाले, “एक इचारू?”

“विचारा.”

जमिनीकडे बघत म्हणाले, “इमानात खालच्या अंगाले ठेवते नं सामान? तिथं लय थंडी असते म्हनते. तिले थंडी वाजली असंन का?”

मुक्ता, मी तीस वर्षं मुलींना शिकवलं आहे की जसजसं वर जावं तसतशी हवा थंड होत जाते. डोंगरांवर बर्फ का असतं, ते मी याच तोंडाने सांगितलं आहे.

मी म्हटलं, “नाही हो. मी माझी शाल दिली होती ना. तिथल्या लोकांनी नीट पांघरवली. माझ्यासमोर.”

त्यांनी मान वर केली. किती दिवसांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. “जाड वाली?”

“जाड वाली.”

“मंग ते कोठी आहे आता?”

“मुंबईला राहिली. त्या गडबडीत.”

“राहू दे,” ते म्हणाले. “राहू दे. कामी आली.” आणि भिंतीला हात लावत खोलीत जाऊन आडवे झाले. थोड्या वेळाने डोकावले तर झोपले होते. तू गेल्यापासून पहिल्यांदा दिवसा डोळा लागला त्यांचा.

मी कपाट उघडून शाल सगळ्यात खाली, जुन्या चादरींच्या आत दडवली. पेटी विमानात चढवताना मला तुझ्या जवळ कोणी येऊ दिलं नव्हतं, बाळा. विमानात गार वाटत होतं, म्हणून सगळी वाट ती शाल मीच अंगावर घेऊन बसले होते.